माजी आमदार हाल्टमन

आइंडहोवन या डच शहराच्या कडेला, एकाला एक चिकटलेल्या विटांच्या घरांच्या ज्या गल्लीत आम्ही राहतो, तिथे आमच्या डावीकडच्या घरात एक जर्मन आमदार राहायचे. माजी आमदार. हे मी कुणाला सांगितलं की लोकांना वाटायचं, ही काहीतरी गंमत करतेय. इथल्या आमच्या मराठी मंडळींचे शेजारी म्हणजे एखादं निवृत्त डच जोडपं, नाहीतर आपल्यासारखंच कुणीतरी कॉम्प्युटर चिपची मशिनं बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला असलेलं. आमदार शेजारी कुणालाच नव्हता.

आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात एका सकाळी बेल वाजली. दार उघडलं तर समोर कुणी नाही. जरा लांब, फाटकापाशी, एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ उभे. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट आणि पायात बागकामाचे रबरी बूट. बेल वाजवली की मागे जाऊन उभं राहायचं, ही त्यांची सवय. पुढे ओळख वाढल्यावर मी कारण विचारलं, तर म्हणाले, "आयुष्यभर लोकांची दारं वाजवली. दार उघडणाऱ्याला अनोळखी माणूस अंगावर आल्यासारखा वाटला की तिथेच मत गेलं."

त्या दिवशी ते आधी डचमध्ये बोलले. मला तेव्हा डच अजिबात येत नव्हतं. मग इंग्रजीत म्हणाले, "मी हाल्टमन, शेजारी राहतो. मी जर्मन आहे, पण त्याला काही इलाज नाही." मी जर्मनमध्ये उत्तर दिलं. अकरावी-बारावीला पुण्यात अर्धा वर्ग घेतो तसं मीही मार्कांसाठी जर्मन घेतलं होतं, आणि नंतर हौस म्हणून थोडं पुढे शिकले होते. ते फाटकापासून चालत थेट दारापर्यंत आले.

"कुठे शिकलात?"

"पुण्यात."

"पुण्यात जर्मन कशाला लागतं?"

"लागत नाही. मार्क चांगले पडतात."

ते हसायला लागले आणि बराच वेळ हसत राहिले. मग माझ्या आईवडिलांची नावं विचारली, आई काय करते विचारलं, तिचा डावा गुडघा दुखतो हेही काढून घेतलं. महिन्याभराने पुन्हा भेटले तेव्हा म्हणाले, "आईंचा गुडघा कसा आहे? डावाच ना?" मी थक्क झाले. ते म्हणाले, "याला प्रेम समजू नका. धंद्याची सवय आहे. मतदारसंघातल्या गाईसुद्धा मला नावानं माहीत असायच्या."

जर्मनीतही आपल्यासारखी राज्यं आहेत आणि प्रत्येक राज्याला आपली विधानसभा आहे. हाल्टमन सीमेपलीकडच्या एका राज्याच्या विधानसभेत बरीच वर्षं होते. मूळचे शेतकऱ्याच्या घरातले. वडिलांचा दुधाचा धंदा. आधी शाळेत भूगोल शिकवला, मग गावच्या पंचायतीत, मग जिल्ह्यात, मग विधानसभेत गेले. मंत्री कधी झाले नाहीत. एकदा होता होता राहिले, असं म्हणत, पण त्यात खंत दिसायची नाही. बायको मारायके आमच्याच गावची, डच. ती आजारी पडली तेव्हा तिला आपल्या माणसांत राहायचं होतं, म्हणून राजकारण सोडून ते इकडे आले. आम्ही यायच्या आदल्या वर्षी ती गेली. ते मात्र इथेच राहिले. तिकडे परत का जात नाही, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "तिकडे म्हणजे कुठे?" मला वाटलं, म्हातारपणी माणसं बोलतात तसं बोलले असतील.

गल्लीत सगळे त्यांना नुसतं आर्नो म्हणायचे. इथे तशीच पद्धत आहे. माझ्या तोंडून काही ते निघेना. मी शाळेत शिकवल्याप्रमाणे 'हेर हाल्टमन', म्हणजे श्रीयुत हाल्टमन, म्हणायची. माझा नवरा अमेय मला हसायचा. हाल्टमनना मात्र ते आवडत असावं, कारण त्यांनी मला कधी दुरुस्त केलं नाही.

त्यांच्या एका खोडीने अमेय वैतागायचा. हा माणूस कशालाही 'हो' म्हणत नसे. पहिल्या दिवाळीत मी विचारलं, "शनिवारी फराळाला याल का?" ते म्हणाले, "शनिवारी आत्ता तरी काही नाही."

"म्हणजे याल?"

"म्हणजे शनिवारी आत्ता तरी काही नाही."

शनिवारी दिलेल्या वेळेला बेल वाजली आणि फाटकापाशी हाल्टमन, हातात ट्युलिपचे कंद. चकल्या त्यांना भयंकर आवडल्या. पुढच्या वर्षीही तेच. डॉक्टरकडे सोडाल का, 'गाडी दारातच आहे.' मागचं झुडूप कापायला मदत कराल का, 'कात्री धारदार आहे.' काम प्रत्येक वेळी व्हायचं. शब्द मात्र मिळायचा नाही. अमेय म्हणायचा, राजकारणी माणूस आहे, कशात अडकायला नको. मलाही तेच खरं वाटायचं.

मग गल्लीतली बस बंद व्हायची वेळ आली. नगरपालिकेनं मार्ग बदलायचं ठरवलं होतं आणि म्हाताऱ्या माणसांना स्टॉपसाठी कालव्यापलीकडे चालत जावं लागणार होतं. शाळेच्या हॉलमध्ये सगळे जमलो. समोरच्या घरातला विम, निवृत्त इलेक्ट्रिशियन, आवाजाचा मोठा, उठून म्हणाला, "आपल्याकडे आर्नो आहे. या लोकांशी कसं बोलायचं ते त्याला माहीत आहे. आर्नो, तू बोल."

हाल्टमन म्हणाले, "मी कॉफी करतो."

सगळे हसले. विम काही ऐकेना. "फक्त एवढं सांग, की तू नगरसेवकाला भेटशील आणि बस राहील. लोकांना जरा धीर येईल."

तेव्हा मी त्यांचा चेहरा बघितला. इतका वेळ हसतमुख असलेला माणूस एकदम पांढरा पडला होता. ते हळूच म्हणाले, "राहील, असं मी कुणाला सांगणार नाही." आणि खरंच हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात जाऊन कॉफी करायला लागले. सभा संपेपर्यंत बाहेर आले नाहीत.

बस बंद झाली. आर्नोनं तोंड उघडलं असतं तर वाचली असती, असं विम महिनोन् महिने सांगत हिंडला. मी ते हाल्टमनच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "शक्य आहे." त्यानंतर गल्लीच्या टोकाच्या दोन म्हाताऱ्यांना दर आठवड्याला दवाखान्यात न्यायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं. घेतलं म्हणजे काय, सकाळी गाडी काढून त्यांच्या दारात उभे राहायचे.

आम्हाला इथे पाच वर्षं झाली आणि नगरपालिकेच्या निवडणुकीचं मतदानपत्र घरी आलं. परदेशी असूनही मत देता येतं याचं मला अप्रूप होतं. हाल्टमनना माझ्याहून जास्त. त्या दिवशी ते टाय लावून आले. आम्ही चालत शाळेपर्यंत गेलो. इथली मतपत्रिका उघडली तर टेबलभर होते आणि लाल पेन्सिलीनं एक गोल भरायचा असतो. मी वाटेत विचारलं, "कुणाला देऊ?"

"ते मी सांगणार नाही. मतं मागायचं मी सोडलंय."

"मागू नका. सल्ला द्या."

 ते म्हणाले, "जो कमी बोलेल त्याला द्या. पण तसा यादीत कुणी असतो की नाही, मला माहीत नाही."

त्या उन्हाळ्यात आई आली. आईला जर्मन येत नाही, इंग्रजी जेमतेम, पण तिचं आणि हाल्टमनचं पहिल्या दिवसापासून जमलं. ती त्यांना आमदारसाहेब म्हणायची. हा शब्द त्यांनी उचलला आणि स्वतःची ओळख तिला 'आम्दार' अशी करून द्यायचे. ती कुंपणाच्या अलीकडून मराठीत बोलायची, ते पलीकडून जर्मनमध्ये, आणि मी घरातून ऐकत असायची. कुणाला माझी गरज आहे असं दिसायचं नाही.

एकदा चहा पिताना मी सहज सांगितलं, की आईचं माहेरचं गाव धरणात गेलं. ती शाळकरी होती तेव्हाची गोष्ट. हाल्टमननी कप खाली ठेवला.

"तेव्हा तिथला आमदार कोण होता?"

मी आईला विचारलं. आईनं आठवून बघितलं. "कोण जाणे गं. येऊन गेला होता एकदा, हार घातला होता तुझ्या आजोबांनी. नाव काही लक्षात नाही."

मी जर्मनमध्ये सांगितलं.  ते म्हणाले, "नशीबवान माणूस." आणि थोड्या वेळानं, "रविवारी माझ्याकडे आत्ता तरी काही नाही. आईंना जर्मनी दाखवायची असेल तर गाडी दारातच आहे."

आम्ही तिघं फेनलो गावावरून सीमा ओलांडून गेलो. सीमा म्हणजे काय, रस्त्याचा रंग बदलतो एवढंच. आईला आता जर्मनी आली हे पटवून द्यावं लागलं. पुढे सपाट शेतं, पवनचक्क्या. आईनं वाटेत घरच्या दशम्या काढल्या आणि आमदारसाहेबांना एक दिली. गाडी चालवता चालवता त्यांनी ती खाल्ली. 

त्यांनी गाडी एका मोकळ्या गवताच्या मैदानाशी थांबवली. मैदान केवढं तरी मोठं. मधूनमधून झाडांच्या रांगा, पण रांगांच्या दोन्ही बाजूंना काहीच नाही. ही झाडं कुणाच्या तरी दारासमोर लावली असणार, हे बघताक्षणी कळत होतं. हाल्टमन पुढे चालत गेले आणि एका ठिकाणी थांबले.

"इथे चर्च होतं," ते म्हणाले. "तिकडे अग्निशमन दलाचा हॉल. आणि ते अक्रोडाचं झाड दिसतंय, तिथे आमचा गोठा."

गावाखाली तपकिरी कोळसा होता. पलीकडे पार क्षितिजापर्यंत खाण होती, उघडी, एखादं शहर मावेल एवढी. ती वर्षावर्षाला गावाच्या दिशेनं सरकत येत होती. गाव उठवायचं की नाही हा प्रश्न हाल्टमन विधानसभेत असताना आला. हे सगळं ते आम्हाला तिथे उभं राहून सांगत होते, शाळेतला मास्तर भूगोल सांगतो तसे, खाणीची खोली, कोळशाचा थर. मी आईला मराठीत सांगत होते. मध्येच आई म्हणाली, "यांनी काय केलं ते विचार."

मला विचारवेना. पण तिचा चेहरा बघून त्यांना प्रश्न कळला असावा. म्हणाले, "चला, केक खाऊ."

उठवलेल्या लोकांसाठी वसवलेलं नवं गाव दहा-पंधरा मिनिटांवर होतं. गल्ल्यांना जुनीच नावं दिलेली, घरं मात्र सगळी एका वयाची. बेकरीत आम्ही बसलो होतो, तेवढ्यात एक वयस्कर बाई पाव घ्यायला आल्या. त्यांनी हाल्टमनना बघितलं आणि पिशवी घेऊन टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"आर्नो. आहेस अजून."

"आहे, गेर्डा."

बाईंनी आमच्याकडे बघितलं. आईच्या साडीकडे जरा जास्त वेळ. मग मला विचारलं, "तुम्हाला जर्मन येतं?" मी मान डोलावली. "यानं सांगितलं का तुम्हाला? अग्निशमनच्या हॉलमध्ये सगळं गाव बसलं होतं. हा टेबलावर चढला आणि म्हणाला, 'मी विधानसभेत बसलोय तोपर्यंत आपल्या चर्चजवळ मशिन येणार नाही.' माझ्या नवऱ्यानं त्या दिवशी घराचं छप्पर नवीन करायला दिलं. आर्नोनं सांगितलं म्हणून."

हाल्टमन म्हणाले, "ती खरं सांगतेय."

"खरंच सांगतेय," गेर्डाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्या पाव घेऊन निघून गेल्या.

पुढचं त्यांनी परतताना गाडीत सांगितलं, तुकड्या-तुकड्यानं, नजर रस्त्यावर ठेवून. त्यांच्या पक्षाचं सरकार काठावरच्या बहुमतावर उभं होतं. गाव उठवायच्या ठरावाविरुद्ध त्यांनी एकट्यानं हात वर केला असता तर सरकार पडलं असतं. आदल्या दिवशी पक्षाच्या नेत्यानं त्यांना खोलीत बोलावलं. धमकी नाही, आमिष नाही. "तो मला म्हणाला, आर्नो, तू पाडलंस तर दुसरे येतील आणि तेही हेच करतील. फक्त मग तुझ्या गावासाठी भांडायला आत कुणी नसेल. मला ते पटलं. लोकांना वाटतं मला कुणीतरी विकत घेतलं. कुणीच घेतलं नाही हो. मला पटलं."

त्यांनी ठरावाच्या बाजूनं हात वर केला. मग आत राहून खरंच भांडले. गावाला सगळ्यांना एकत्र जागा मिळावी म्हणून, मोबदल्यासाठी, आणि सगळ्यात जास्त कबरींसाठी. गावच्या दफनभूमीतली प्रत्येक कबर नीट हलवली गेली. ते प्रत्येक वेळी तिथे जाऊन उभे राहिले, गावातल्या कित्येक माणसांनी त्यांच्याशी बोलणं टाकलेलं असताना. चर्च पाडलं तेव्हाही उभे राहिले.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काही वर्षांनी कोळसा बंद करायचं ठरलं. जगभर तसं वारं वाहायला लागलं. खाण थांबली. तुम्ही बघितली ना, कुठे थांबली ते? आमच्या शेवटच्या शेतालाही न पोचता. मशिन गावापर्यंत आलंच नाही."

 मागून आईनं विचारलं, काय म्हणतायत. मी सांगितलं.  आई म्हणाली, "आमचं निदान पाण्याखाली तरी आहे. उन्हाळ्यात देवळाचा कळस दिसतो. इथं तर काहीच न होता गेलं."

हाल्टमननी आरशातून तिच्याकडे बघितलं. "आई काय म्हणाल्या?"

काहीतरी गुळमुळीत सांगून टाकावं असं मनात आलं होतं. पण त्या गाडीत ते जमलं नसतं. मी जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. "सांगा त्यांना, बरोबर आहे. काहीच न होता गेलं."

घरी आल्यावर आईनं त्यांना आग्रहानं जेवायला बसवलं. वरण-भात, तूप, लिंबू.  जाताना तिनं त्यांच्या हातावर डब्यात चकल्या दिल्या आणि मला म्हणाली, "आमचं गाव गेलं त्याचा जाब विचारायला आमदार कुणी शोधतसुद्धा नाही. इथं हा आपणहून समोर येऊन उभा राहतोय." मी ते भाषांतर केलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

त्यानंतर ते कशाला 'हो' का म्हणत नाहीत, यावर आमच्या घरात कुणी विनोद केला नाही. दोनेक वर्षं गेली. आई परत आली नाही, तिचे दोन्ही गुडघे गेले. हाल्टमन दर महिन्याला दोन्ही गुडघ्यांची चौकशी करायचे.

एका सकाळी बेल वाजली. ते नेहमीप्रमाणे फाटकापाशी होते. काहीतरी बोलले, मला कळलं नाही. कधी कधी ते गंमत म्हणून त्यांच्या खेड्यातली बोली बोलायचे. मी म्हटलं, "हे मला अकरावीत शिकवलं नव्हतं." ते पुन्हा बोलले. चाल तीच, चढउतार तोच, वाक्य संपल्यावर थांबण्याची पद्धतही तीच, पण त्यात एकही शब्द नव्हता. मग त्यांनी हात उचलला, स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं आणि माझ्याकडे बघत राहिले. मी अमेयला हाक मारली आणि ॲम्ब्युलन्सला फोन केला. ती लवकर आली. ती येईपर्यंत ते आमच्या पायरीवर बसून होते, गुडघ्यांवर हात ठेवून, एखाद्या सभेत आपली पाळी यायची वाट बघत बसावं तसे.

मेंदूतला रक्तपुरवठा अडला होता. हातपाय वाचले, चालणं वाचलं. गेली ती भाषा. डच गेली, इंग्रजी गेली, जर्मनचे तुकडे उरले, तेही भलतीकडे लागलेले. त्यांची मुलगी कारिन उत्तर जर्मनीत समुद्राकाठी एका शहरात राहायची. ती आली, आठवडाभर राहिली, तिला परत जावं लागलं. हाल्टमनना आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावरच्या एका शुश्रूषागृहात ठेवलं. तिथल्या मुली मायाळू होत्या, पण सगळं डच. कारिन जाताना मला म्हणाली, "तुम्हाला जर्मन येतं. तुम्ही जाल का कधीमधी?" मी हो म्हणाले. तो शब्द तोंडातून बाहेर पडताना मला पहिल्यांदा त्याचं वजन जाणवलं.

मी जायला लागले. वाचाउपचार करणारी तरुण मुलगी होती, तिनं मला बरोबर बसायला सांगितलं. ती चित्रांची कार्डं दाखवायची. गाय. हाल्टमन प्रयत्न करायचे, घाम यायचा, शेवटी काहीतरी वेगळंच बाहेर पडायचं. आपण चुकलो हे त्यांना कळायचं, ते मला सगळ्यात अवघड वाटे. खुर्ची. झाड. मग चर्चचं चित्र आलं. त्यांनी ते हातात घेतलं आणि स्पष्ट म्हणाले, "वेक."

म्हणजे गेलं, नाहीसं झालं. डचमध्येही जवळजवळ हाच शब्द आहे. त्या मुलीनं मान हलवली आणि प्रेमानं म्हणाली, "नाही, आर्नो, पुन्हा बघू या. हे काय आहे?"

मी म्हटलं, "त्यांच्या गावातलं चर्च पाडलं. ते बरोबर सांगतायत."

 "हो, पण कार्डावर चर्च आहे," ती म्हणाली. तिचंही बरोबर होतं. तिला शब्द परत आणायचे होते, आणि तिच्याकडे त्या दिवशी आणखी पुष्कळ पेशंट होते. हाल्टमननी कार्ड टेबलावर पालथं ठेवलं आणि त्या दिवशी पुढे एकही चित्र बघितलं नाही.

दुपारच्या जेवणाच्या वेळी तिथे मोठ्या खोलीत सगळे म्हातारे एकत्र बसत. एकदा मी गेले तर हाल्टमन उभे होते, एका हातानं खुर्चीची पाठ धरून. "माइने डामेन उंड हेरेन," ते म्हणाले. सभ्य स्त्रीपुरुषहो. खणखणीत, एक अक्षर न चुकता. सगळ्यांनी चमचे खाली ठेवले. मग पुढे भाषण सुरू झालं. आवाज चढत होता, उतरत होता, मध्ये थांबत होता, हात पुढे येत होता. ऐकणाऱ्यांपैकी जर्मन येणारं तिथे माझ्याशिवाय कुणी नसावं. त्यांना वाटलं असेल, सुंदर बोलतोय. मला एकेक आवाज ऐकू येत होता आणि त्यात काही नव्हतं. संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वाढणारी मुलगी मला म्हणाली, "किती आनंदी माणूस आहे, नाही?"

हाल्टमननी टेबलावर मूठ आपटली. ताटं हादरली. टाळ्या थांबल्या. ते खाली बसले आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. मी जाऊन शेजारी बसले. जर्मनमध्ये काहीतरी म्हटलं असेल, सांत्वनाचं, पाठ्यपुस्तकातलं. दुसरं माझ्याकडे काय होतं?

आई फोनवर दर वेळी विचारायची, "आमदारसाहेब बोलायला लागले का?" मी सांगायची, हळूहळू. ती म्हणायची, "त्यांना म्हणावं, नाही बोललं तरी चालतं." मी तेही त्यांना जाऊन सांगितलं, आईचं नाव घेऊन. त्यांनी माझा हात दाबला. समजलं की नुसतं आईचं नाव ओळखलं, ते आजही मला सांगता येणार नाही.

शेवटी कारिननं ठरवलं की त्यांना आपल्या शहरात न्यायचं. तिथे निदान आजूबाजूला जर्मन कानावर पडेल. ते गाव त्यांचं नव्हतं, समुद्र त्यांनी कधी मागितला नव्हता, पण दुसरं काय करायचं हे तिलाही सुचत नव्हतं आणि मलाही नाही. ज्या सकाळी जायचं होतं, त्या सकाळी मी सायकलनं गेले. शुश्रूषागृहाच्या दारात गाडी उभी होती. कारिन आत सह्या करत होती. हाल्टमन मधल्या सीटवर पट्टा लावून बसले होते, अंगात कोट, गळ्याशी मफलर. सरकतं दार उघडं होतं. ड्रायव्हर बाजूला उभा होता.

मला बघून त्यांचा चेहरा उजळला. मी जवळ गेले. ते बोलायला लागले.

बराच वेळ बोलले. भाषणासारखं नाही, कुंपणापाशी बोलायचे तसं, हळू आवाजात, फक्त माझ्याशी. मध्ये थांबून शब्द शोधत होते, न सापडल्यावर दुसऱ्या बाजूनं यायला बघत होते. एखादं ओळखीचं टोक हाताला लागायचं, 'उन्हाळा' असावा, 'आई' असावं, आणि पुन्हा निसटायचं. कारिन येऊन मागे उभी राहिली. ड्रायव्हरनं घड्याळाकडे बघितलं नाही, याबद्दल त्याचे आभार मानायचे राहून गेले. कुणीच त्यांना थांबवलं नाही.

मग त्यांचं बोलणं संपलं. ते माझ्याकडे बघत थांबले. प्रश्न विचारला होता, एवढं मला नक्की कळलं.

मी म्हणाले, "हो."

त्यांनी मान हलवली. ते उत्तर नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा मान हलवली, या वेळी हळू, आणि माझ्या हातावर थोपटलं, आपण एखाद्या मुलाला 'असू दे' म्हणतो तसं. ड्रायव्हर पुढे आला. दार सरकून बंद झालं. काचेला आतून काळी फिल्म होती, त्यामुळे गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी हात हलवत राहिले तो ते बघत होते की नाही, हे काही मला दिसलं नाही.